मखितार गोशच्या गावाला

मंगळवार, येरेवान

शारजात विमान बदलून येरेवानला उतरलो तेव्हा उजाडायचं होतं. दुपारपर्यंत झोप काढली आणि माश्तोत्स रस्त्याने सरळ वर चालत गेलो. हा रस्ता चढत जातो आणि टोकाला एक करडी, जाडजूड भिंतींची इमारत उभी राहते: मातेनादारान, आर्मेनियाचं हस्तलिखितांचं भांडार. बेसाल्टची. सह्याद्रीतल्या माणसाला बेसाल्टचं कौतुक कोण सांगणार, पण आपल्याकडे तो किल्ल्यांना आणि लेण्यांना लागला, इथे पुस्तकांना.

मी साताऱ्याला दिवाणी वकिली करते. वाटण्या, वहिवाटी, बांधाची भांडणं. बाराव्या शतकात मखितार गोश नावाच्या एका मठवासीयाने, राजा नाही, राज्य नाही, अशा अवस्थेत आपल्या लोकांसाठी कायद्याचा ग्रंथ लिहिला, एवढंच कुठेतरी वाचलं होतं आणि ते डोक्यातून जाईना. नवऱ्याला रजा मिळाली नाही, पण नणंद तयार झाली. ती शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवायची, नुकतीच निवृत्त झाली आहे. "वहिनी, तू देवळं आणि कायदे बघ, मी झाडं बघते," असा करार विमानतळावरच झाला.

मातेनादारानच्या दारात आर्मेनियन विद्येच्या सहा थोरांचे पुतळे ओळीने उभे आहेत. इतिहासकार मोव्हसेस खोरेनात्सी, गणिती अनानिया शिराकात्सी, चित्रकार तोरोस रोस्लिन, कवी फ्रिक, तत्त्वज्ञ ग्रिगोर ताथेवात्सी आणि आमचा माणूस, मखितार गोश. देशाच्या ग्रंथालयाच्या दारात कवी आणि चित्रकारांच्या पंगतीला एक कायदेपंडित उभा केलाय, हे मला फार आवडलं. आपल्याकडे वकिलाचा पुतळा उभारतात तो तो पुढारी झाल्यावर.

आत फार वेळ गेला तो मूशच्या प्रवचनसंग्रहापाशी. १२०० ते १२०२ मध्ये लिहिलेली ही पोथी, म्हणजे गोश हयात असतानाची. वजन सुमारे २८ किलो, सगळी कातड्यावर. १९१५ साली ऑटोमन तुर्कांनी आर्मेनियनांची कत्तल केली, तेव्हा दोन बायकांनी ती मठातून उचलली. एकटीला पेलवेना म्हणून दोन भाग केले. अर्धा भाग एकीने येथपर्यंत पोचवला, अर्धा वाटेत पुरून ठेवावा लागला आणि नंतर सापडला. काचेपलीकडच्या त्या पानांचे कडेचे डाग बघत नणंद बराच वेळ काही बोलली नाही, आणि ती गप्प बसणाऱ्यातली नाही.

बुधवार, सेवान ते दिलिजान

सकाळी गाडी केली. ड्रायव्हर साठीचा, रशियन अस्खलित, इंग्रजी कामापुरतं. सिगारेट ओढू का, असं दर वेळी विचारायचा आणि आम्ही नको म्हटल्यावर खिडकी उघडून ओढायचा.

सेवान तलाव दीड तासावर. समुद्रसपाटीपासून १९०० मीटर उंचीवरचं पाणी, वारा असा की ओढणी सांभाळताना फोटो राहून जातात. टेकाडावर सेवानावांक, ८७४ साली राजकन्या मरियमने बांधवलेला मठ. पूर्वी हे बेट होतं. सोव्हिएत काळात शेती आणि विजेसाठी पाणी इतकं उपसलं की पातळी जवळजवळ २० मीटरनी उतरली आणि बेट जमिनीला चिकटलं. बघण्यासारखं आहे, पण बसचे थवे येतात, त्यामुळे आम्ही फार थांबलो नाही. तव्यावरचा मासा मात्र खाऊन निघालो. इश्खान म्हणतात त्याला, चवीला उत्तम, काटे कमी.

सेवानच्या उत्तरेला डोंगरातून एक बोगदा आहे. अलीकडे सगळं उघडंबोडकं, पिवळं गवत, वारा. पलीकडे बाहेर पडलो आणि नणंद किंचाळलीच. जंगल! ओक, बीच, हॉर्नबीम, आणि ऑक्टोबर असल्यामुळे तांबडं-पिवळं झालेलं. दोनअडीच किलोमीटरच्या बोगद्याने देश बदलावा तसं वाटतं. हे दिलिजान.

संध्याकाळी मुक्कामाच्या घरी चहा घेत बसलो आणि मी नणंदेला गोशची कुंडली सांगितली. जन्म गांजाकचा, ११२० ते ११३० च्या दरम्यानचा. हे शहर आज अझरबैजानात आहे, गांजा नावाने, आणि ती सरहद्द बंद आहे. म्हणजे जन्मगावाला जाणं आमच्या हातात नव्हतंच. दाढी विरळ म्हणून लोक त्याला गोश म्हणत. तो कोवळ्या वयाचा असताना, ११३९ साली, गांजाकला भयंकर भूकंप झाला. डोंगर फुटून खोऱ्यात कोसळला, पाणी अडलं आणि तळं झालं. याचं वर्णन पुढे गोशनेच लिहून ठेवलंय, आणि ते तळं आजही आहे.

मठात शिकून तो वर्दापेत झाला. वर्दापेत म्हणजे शिकवायचा आणि प्रवचनाचा अधिकार मिळालेला पंडित भिक्षू. इथपर्यंत चारचौघांसारखं. पण मग हा गृहस्थ पार किलिकियाला, भूमध्य समुद्राकडच्या काळ्या डोंगरातल्या मठांत गेला, आपण वर्दापेत आहोत हे लपवलं, आणि साधा विद्यार्थी म्हणून पुन्हा पहिल्यापासून शिकला. दुसऱ्यांदा पदवी घेऊन परतला.

"एलएलएम दोनदा," नणंद म्हणाली.

हे सगळं आपल्याला कळतं ते किराकोस गांजाकेत्सी या इतिहासकारामुळे. तो गोशच्या शिष्याचा शिष्य, त्याच मठातला. त्यामुळे त्याच्या लिखाणात घरच्या माणसाबद्दलची माया आहे, आणि ती धरूनच ते वाचावं.

गांजाकला परतल्यावर वरिष्ठ धर्मगुरूंशी बिनसलं आणि गोशला गाव सोडावं लागलं. खाचेन भागातल्या हातेर्कचा सरदार वाख्तांग याने आसरा दिला. त्याच धावपळीच्या काळात, ११८४ साली, तो कायद्याचा ग्रंथ लिहायला बसला. दातास्तानागिर्क, न्यायनिवाड्यांचं पुस्तक.

गुरुवार, गोशावांक

दिलिजानहून गोश गाव गाडीने अर्धा-पाऊण तास. हमरस्ता सोडला की डोंगराच्या कुशीत वर चढायचं. गाव लहान, पत्र्याची छपरं, अंगणात सुकत घातलेले अक्रोड. आणि घरांच्या मधोमधच मठ. तट नाही, वेस नाही. गायी थेट मठाच्या भिंतीला पाठ घासत होत्या.

गोश आधी जवळच्याच गेतिक मठात होता. ११८८ च्या भूकंपात तो मठ जमीनदोस्त झाला. आयुष्यातला हा त्याचा दुसरा मोठा भूकंप. तेव्हा वय साठीच्या आसपास. इवाने झाकारियन या सरदाराने या खोऱ्यात जागा आणि मदत दिली, आणि म्हाताऱ्याने नव्याने सुरुवात केली. आधी लाकडाचं छोटं चर्च उभारलं, प्रार्थना चालू ठेवली आणि ११९१ साली दगडाच्या मोठ्या चर्चचा पाया घातला. पाच वर्षांत ते पुरं झालं. नाव ठेवलं नोर गेतिक, नवं गेतिक. त्याच्या मृत्यूनंतर लोकांनी त्याला गोशचा मठ म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव उरलं.

काळाचं बळ मिळालं हेही खरं. गोशने ग्रंथ लिहायला घेतला त्याच ११८४ मध्ये जॉर्जियात तमार राणी गादीवर आली. तिच्या सैन्यातले झाकारे आणि इवाने हे आर्मेनियन भाऊ सेल्जुक तुर्कांकडून उत्तर आर्मेनिया सोडवत गेले. झाकारे गोशला आपला आध्यात्मिक गुरू मानायचा. भाऊ इवाने पुढे जॉर्जियन पंथात गेला, तरी मठाची मदत थांबली नाही. पंथांच्या भांडणात गोशची भूमिका काय होती, तर त्याने जॉर्जियनांना एक पत्रच लिहिलं: रीती वेगळ्या असतील, म्हणून एकमेकांना पाखंडी ठरवू नका. या पत्राने वाद मिटले नाहीत, हेही सांगून टाकते.

मुख्य चर्चच्या आत थंडगार अंधार. त्याला लागून गावित, म्हणजे सभामंडप, चार जाड खांबांचा, छताच्या मध्यावर झरोका. तिथून उतरणारा उजेड फरशीवरच्या थडग्यांवर पडतो. इथे जमिनीत पुरलेल्यांच्या अंगावरूनच चालायचं असतं, त्यांचीच तशी इच्छा. नणंदेला ते जमेना. ती कडेकडेने गेली.

वेदीच्या जागी आज काही नाही. पण किराकोस लिहितो की वाख्तांगची बायको आर्झुखातून आणि तिच्या मुलींनी या चर्चसाठी एक पडदा स्वतः विणला होता. शेळीच्या मऊसूत केसांचा, रंगीबेरंगी, वर ख्रिस्ताच्या आणि संतांच्या आकृत्या भरलेल्या. बघणारा थक्क व्हायचा म्हणे. नवऱ्याने परागंदा पंडिताला आसरा दिला, बायकोने त्याच्या चर्चला पडदा दिला. दगड उरले, पडदा गेला, आणि मला त्या दगडांपेक्षा पडदाच बघायचा होता.

बाहेर पुस्तकघर. मठातली ही इमारत मला सगळ्यात आवडली. ओबडधोबड, दणकट, डोक्यावर एकमेकांना छेद देणाऱ्या कमानी. तेराव्या शतकात, गोशच्या मागे, बांधलेली. नंतर तिच्या डोक्यावरच घंटाघरासकट चर्च चढवलं, १२९१ साली. वर जायला आतून जिनाच नाही. बाहेरच्या भिंतीतून दगडाच्या अरुंद पायऱ्या नुसत्या बाहेर काढल्यात, एक टोक भिंतीत, दुसरं हवेत. पायरीवर जेमतेम एक पाऊल मावतं. मी खालून चारपाच पायऱ्या मोजल्या आणि तिथेच पुरे केलं. घंटा वाजवणारा भिक्षू बर्फात या पायऱ्यांवरून रोज कसा जात असेल?

त्यानंतर पावघोसचा खाचकार. खाचकार म्हणजे क्रूस कोरलेली उभी शिळा. आर्मेनियात पावलोपावली दिसतात, दोन दिवसांत डोळे सरावतात. पण लहान चर्चच्या दाराशी उभी असलेली ही शिळा वेगळी. १२९१ साली पावघोस नावाच्या कारागिराने कोरलेली. तिला सुईकाम म्हणतात आणि ते खोटं नाही. जवळ नाक नेलं. क्रूसाखाली एक मोठं चक्र. कडेने आठ टोकांच्या ताऱ्यांची रांग, आणि प्रत्येक ताऱ्यात वेगळी नक्षी. एकही दुसऱ्यासारखा नाही. त्या नक्षीच्या मागे आणखी एक नक्षी, आत खोल, तिच्यामागे सावली. म्हणजे दगड वरून कोरला आणि मग आत हात घालून खालचा थर कोरला. छिन्नी एकदा घसरली असती तर सगळी शिळा वाया. मी घसरलेली जागा शोधत होते, सवयीने. मिळाली नाही.

तिथेच पायरीवर बसून नणंदेने विचारलं, "पण तुझ्या त्या पुस्तकात आहे काय?"

आहे काय, तर सुरुवातीलाच विरोधकांचं म्हणणं मांडलेलं आहे, आपल्या शास्त्रग्रंथांतल्या पूर्वपक्षासारखं. लोक म्हणतात आर्मेनियनांना कायदाच नाही. मुसलमान म्हणतात, इतर ख्रिस्तीही म्हणतात. मग आमची माणसं परक्या काझीकडे जातात, तिथे न्याय त्यांच्या चालीने होतो. हे थांबवायचं तर आपलं लिहिलेलं काहीतरी हवं. शिवाय लोक आळशी झालेत, धर्मग्रंथ वाचत नाहीत, त्यातून नियम शोधायची तर बातच नको. हे बाराव्या शतकातलं गाऱ्हाणं.

मग न्यायाधीश कसा असावा: जाणता असावा, एकट्याने निवाडा करू नये, सोबत जाणकार बसवावेत. साक्षीदार किती आणि कसले. शपथ तर शक्यतो देऊच नये, अगदी शेवटचा उपाय म्हणून. आमच्या कोर्टात रोज सकाळपासून शपथा घेतल्या जातात आणि दुपारपर्यंत त्यांचं काय होतं ते मी बघते. गोशशी मी सहमत आहे.

साहित्य त्याने चहूकडून गोळा केलं: मोशेचे नियम, चर्चचे ठराव, आणि गावोगावच्या चालीरीती. त्यामुळे देवाधर्माच्या कलमाशेजारी बिनदिक्कत गुराढोरांच्या खरेदीचं, गिरणीचं, वारसाहक्काचं कलम येतं. एकच वाक्य मात्र मला पाठ झालंय, अर्थापुरतं: विधात्याने माणूस स्वतंत्रच निर्माण केला, धन्याची चाकरी आली ती जमीन आणि पाण्याच्या गरजेपोटी. सरदारांच्या आश्रयाने जगणाऱ्या माणसाने हे लिहावं! त्यावरून त्याने काही सरंजामी उलथवली नाही. पुढची कलमं धनी आणि कुळं गृहीत धरूनच चालतात. पण गुलामी देवाच्या नावावर टाकली नाही, आणि आठशे वर्षांपूर्वी एवढंही थोडं नव्हतं.

आणखी एक. या कायद्यामागे शिपाई नव्हता, तुरुंग नव्हता. निवाडा मानायचा तो गावाने आणि बिशपने धरलेल्या रेट्यामुळे. आमच्याकडे हुकूमनामा हातात असून दरखास्तीला, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीला, पंधरा वर्षं लागतात, त्यामुळे मी याला हसले नाही.

नणंदेचा गुरुवारचा उपवास होता. मठासमोर एक आजी मध, अक्रोड आणि काळपट लांब सॉसेजसारखं काहीतरी विकत होत्या. नणंद दोन पावलं मागे सरली. आजींनी एक तुकडा कापून आतला अक्रोड दाखवला. दोऱ्यात ओवलेले अक्रोड द्राक्षाच्या घट्ट रसात पुन्हापुन्हा बुडवून वाळवतात. सुजुख. उपासाला चालतं असा निर्णय नणंदेने जागेवरच दिला, साक्षीपुराव्याविना, आणि तीन घेतले.

दुपारी गावाच्या पश्चिमेला वर चढून गोशच्या समाधीपाशी गेलो. उतारवयात मठाचा कारभार त्याने मार्तिरोस या शिष्याच्या हवाली केला आणि स्वतः वर, बाजूला, प्रार्थनेची छोटी जागा करून राहिला. १२१३ साली वारला, तिथेच पुरला. चिमुकलं देऊळ, गवत कमरेएवढं, कुलूप नाही. मठात तीस माणसं होती, इथे आम्ही दोघीच.

शुक्रवार, हाघार्त्सिन

पाऊस. हाघार्त्सिन जंगलात खोलवर आहे, रस्ता झाडांच्या बोगद्यातून. ढगात मठाचे घुमट तेवढे दिसत होते. गोशचा समकालीन खाचातूर तारोनेत्सी इथला प्रमुख. तो संगीतज्ञ. खाझ नावाची स्वरलेखनाची पद्धत त्यानेच या भागात आणली असं किराकोस सांगतो. दोन खोऱ्यांच्या अंतरावर एकजण कायदा लिहितोय, दुसरा सूर.

इथलं भोजनगृह १२४८ चं, मिनास नावाच्या वास्तुकाराचं. लांबट दालन, कमानींवर तोललेलं, आत शिरताच आवाज गोल फिरतो. मठ मात्र इतका स्वच्छ, घासूनपुसून नवा केलेला की गोशावांक बघून आल्यावर चुकल्यासारखं होतं. या जीर्णोद्धाराचा पैसा शारजाच्या शेखने दिला. तसं सांगणारी पाटीच आहे. मुसलमान राज्यकर्त्यांच्या न्यायालयात जाऊ नका म्हणून ज्याने पुस्तक लिहिलं, त्याच्या शेजारच्या मठाला आठ शतकांनी मुसलमान राज्यकर्त्याने छप्पर घातलं. गोशने यावर एखादी बोधकथा रचली असती.

हो, त्याने बोधकथाही लिहिल्या, १९० तरी त्याच्या नावावर आहेत. पहिल्यांदा छापल्या गेल्या १७९० साली, व्हेनिसमध्ये. झाडांच्या, प्राण्यांच्या, माणसांच्या. जुन्या अक्रोडाच्या झाडाखाली, पाऊस उघडायची वाट बघत, मी त्यातली एक नणंदेला सांगितली. घुबडाने गरुडाच्या मुलीला मागणी घातली. म्हणाला, तू दिवसाचा वीर, मी रात्रीचा, सोयरीक जमेल. बरीच मनधरणी केल्यावर गरुड तयार झाला. लग्न लागलं. दिवसा नवऱ्याला दिसेना, रात्री नवरीला. लोक हसले आणि जोडपं वेगळं झालं.

"संमतीने घटस्फोट," नणंद म्हणाली. "सहा महिने थांबायला लावलं का?"

शनिवार, पुन्हा येरेवान

परतीचं विमान रात्री. दुपारी रिपब्लिक चौकातल्या इतिहास संग्रहालयात गेलो, कारण पावघोसने कोरलेली दुसरी शिळा तिथे आहे. गोशावांकला हिची जोडीदार उन्हापावसात उभी आहे, ही छपराखाली. कोरीवकाम तसंच बारीक, पण दिव्याच्या प्रकाशात सावल्या खोटं बोलतात. मला गावातली आवडली.

गोशचा ग्रंथ मात्र गावात राहिला नाही. १२६५ मध्ये किलिकियातल्या आर्मेनियन राज्याचा सेनापती स्म्बात याने त्याच्या आधारे तिथल्या बोलीत नवी संहिता केली. व्यापारी आर्मेनियन पोलंडच्या राज्यात लव्होव्हला जाऊन राहिले, त्यांनी ग्रंथ सोबत नेला. राजाने विचारलं, तुम्ही न्याय कशाने करता, दाखवा. लॅटिन भाषांतर करून दिलं आणि १५१९ साली सिगिस्मुंड पहिला याने काही फेरफार करून त्याला मंजुरी दिली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्जियाच्या वाख्तांग सहाव्याने आपल्या कायदेसंग्रहात आर्मेनियन कायदा म्हणून तो घातला. राज्य नसताना लिहिलेला हा कायदा एका आर्मेनियन आणि दोन परक्या राज्यांत चालला.

आणि हिंदुस्थानात? मद्रासच्या आर्मेनियन व्यापाऱ्यांपैकी शाहामिर शाहामिरियन याने स्वतंत्र आर्मेनियासाठी ५२१ कलमांचा घटनेचा मसुदा छापला, मुखपृष्ठावर साल १७७३. त्यात राजाच नाही. कायदा हाच राजा. गोशला ही मजल मारता आली नसती, पण कागदावर आधी कायदा, राज्य मागाहून, ही रीत त्याचीच.

मुंबईतही आर्मेनियन होते. फोर्टात मेडोज स्ट्रीटवर त्यांचं सेंट पीटर चर्च आहे, १७९६ चं, हायकोर्टापासून चालत दहा मिनिटं. आता कोल्हापूरला सर्किट बेंच झाल्यामुळे आम्हा सातारकरांच्या मुंबईच्या खेपा कमी झाल्यात. दोन जुनी अपिलं अजून मुंबईत अडकलीत, त्यातल्या पहिल्या तारखेला नणंद सोबत यायचं म्हणते आहे. कोर्टात नाही, चर्चला.